18,093

रुजू होऊन चौथ्या दिवशी बडेबाबूंनी माझ्या टेबलावर दहा-बारा सेवापुस्तकं आणून ठेवली. "यांची सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती राहिलीय. करून टाका." विदर्भातल्या एका छोट्या नगरपरिषदेत आस्थापना विभागाचा लिपिक म्हणून मी लागलो होतो. इथल्या माणसांचे पगार इथलीच सभा ठरवत असेल, असं मी धरून चाललो होतो. दुपारपर्यंत ठरावांच्या फायली चाळल्या. पगाराचा आकडा एकाही ठरावात सापडला नाही.

मग बडेबाबूंनी राज्य सरकारच्या 2019 च्या वेतन नियमांतला वेतनस्तरांचा तक्ता पुढ्यात ठेवला. सफाई कामगार एस-1 मध्ये, सुरुवात 15,000. लिपिक एस-6 मध्ये, 19,900. गट-अ चे मुख्याधिकारी एस-20 मध्ये, 56,100. साहेब राज्याच्या सेवेतले, त्यामुळे त्यांच्या पगाराला नगरसेवकांचा हात लागत नाही. मला हे पटलं. नियमाबाहेरच्या ठरावाला ज्यानं नाही म्हणायचं, त्याचा पगार ठराव करणाऱ्यांच्या मर्जीवर नसावाच.

जुन्या मूळ वेतनाला 2.57 ने गुणायचं, एवढं समजलं. पण 2.57 च का? बडेबाबूंनी कागदाच्या कोपऱ्यात मांडून दाखवलं. 1 जानेवारी 2016 रोजी महागाई भत्ता 125 टक्के होता. मूळ 1 आणि भत्त्याचे 1.25, झाले 2.25. तेवढे तर आधीपासूनच हातात पडत होते. खरी वाढ उरलेल्या 0.32 ची, म्हणजे साधारण 14 टक्के. पगार अडीचपट झाले असं मी गावात ऐकत आलो होतो, आणि ते खरंही मानत होतो.

पहिलं पुस्तक एका सफाई कामगार मावशींचं होतं. वेतन 5,740, ग्रेड पे 1,300, मिळून 7,040. गुणाकार आला 18,093. एस-1 च्या रकान्यात हा आकडा नव्हता. होते 18,000 आणि 18,500. जवळचा म्हणून मी पेन्सिलीनं 18,000 लिहिलं.

बडेबाबूंनी ते खोडलं. "तंतोतंत आकडा नसेल तर लगतचा वरचा टप्पा. जवळचा नाही." मग शांतपणे म्हणाले, "या पाचशेवर महागाई भत्ता, घरभाडं, दर वर्षीची वाढ, शेवटी पेन्शन. बाईला कधी कळलंही नसतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. बाकीची पुस्तकं मी दोनदा तपासली, तिसऱ्यांदा बडेबाबूंकडून तपासून घेतली.

नोंदीवर सही करायला मावशी आल्या, तेव्हा सोबत त्यांच्याच प्रभागात झाडणारी एक तरुण मुलगी होती, ठेकेदाराकडची. मावशींनी विचारलं, "बाबू, माह्या पगाराचं बराबर लिहिलं ना?" मी 18,500 वर बोट ठेवून, ते कसं आलं ते सांगितलं. त्यांनी एकेक अक्षर जुळवत सही केली.

मुलगी टेबलावरच्या ढिगाकडे पाहत होती. "माहं पुस्तक कोनतं?" तिनं विचारलं.

तिची मजुरी किमान वेतनाच्या दरानं ठेकेदाराच्या निविदेत धरलेली असते. एस-1 च्या खालचा स्तर त्या तक्त्यात नाही. मी तिला बसायला खुर्ची दिली आणि निविदेची फाइल शोधायला उठलो.