नंदीविना कोपेश्वर

खिद्रापूरला जायचे अनेक वर्षे ठरत होते. अखेर एका रविवारी आईला घेऊन निघालो. कृष्णाकाठचे हे गाव शिरोळ तालुक्यात, कर्नाटकाच्या शिवेला चिकटून.

कोपेश्वराच्या देवळात आधी स्वर्गमंडप लागतो. ४८ खांब, छताला मधोमध मोठी गोल मोकळी जागा, तिच्याखाली तशीच गोल शिळा आणि भोवती बारा खांबांचे कडे. काळ्या दगडाचे खांब कातून काढल्यासारखे गुळगुळीत. वर उघडे आभाळ. बाहेरून पाहावे तर सारे देऊळ हत्तींच्या पाठीवर उभे. शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले हे काम.

देवळात यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा संस्कृत लेख देवनागरीत आहे आणि जुन्या कन्नडातलेही लेख आहेत. चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली आई त्यांतल्या एका लेखापाशी थांबली. अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, "हा 'र' वाटतो बघ." मला पुढे काही बोलवेना. लहानपणी मित्र घरी आले की मीच तिला सांगत असे, "आई, आता कन्नड बोलू नकोस." तिने ते इतके मनावर घेतले की पुढे घरात कन्नड उरलेच नाही.

देवापुढे नंदी नाही. लोक सांगतात, सती नंदीवर बसून माहेरी, दक्षाच्या यज्ञाला गेली. तिथे तिने देह ठेवला आणि शंकर कोपला. विष्णूने त्याची समजूत काढली, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी धोपेश्वरही आहे. नंदी मात्र चिकोडी तालुक्यातल्या यडूरला राहिला.

आई ऐकून हसली. "तवरुमनेला जायला तिला नंदी तरी मिळाला!"

आईचे माहेर यडूरच्याच बाजूचे. मामा गेल्यापासून तिकडे जाणे सुटले होते. मी गाडी तिकडेच वळवली.

यडूरला देवळाच्या कट्ट्यावर दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या. आई त्यांच्यात जाऊन बसली आणि तिची कन्नड वाहू लागली. तासभर झाला. ऊन उतरले, तेव्हा मी जवळ जाऊन म्हणालो, "अव्वा, होगोणेनु?"

तिने चमकून वर पाहिले. "अजून थोडा वेळ बस," ती कन्नडात म्हणाली. मी बसलो.