गच्चीवरची छत्री

कोकणातल्या आमच्या मुसलमान घरांना कतार परका नाही. व्हिसा, मेडिकल, सुट्टी, ड्राफ्ट हे शब्द ऐकतच आम्ही मोठे झालो. पण तिकडून नोकरी आणि पैशाखेरीज आणखीही काही येऊ शकते, हे आम्हाला टीव्हीच्या जुन्या छत्रीने दाखवले.

१५ नोव्हेंबर २०१८ रोजी कतारचा 'एसहेल-२' हा उपग्रह अंतराळात गेला. तो टीव्ही वाहिन्यांसाठीचा. पण त्यात हौशी रेडिओवाल्यांसाठीही जागा राखली गेली. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर तो आमच्या दृष्टीने एकाच ठिकाणी उभा असतो. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतची माणसे त्याच्यामार्फत एकमेकांशी बोलतात. रत्नागिरीच्या गच्चीवरून छत्री पश्चिमेच्या थोडी दक्षिणेला, समुद्राच्या बाजूला वळवावी लागते.

छत्रीच्या दांड्यावरची एलएनबी हीच खरी कामाची वस्तू. उपग्रहाच्या १०४८९.७५ मेगाहर्ट्झमधून ती ९७५० वजा करते आणि ७३९.७५ खाली पाठवते. तेवढे संगणकाला लावायच्या स्वस्त टीव्ही-स्टिकला पकडता येते. अडचण आहे ती उन्हाची. एलएनबीतल्या २५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाला ३९० पट करून ९७५० मिळतात. स्फटिक एक हर्ट्झ सरकला की वर ३९० हर्ट्झांचा फरक पडतो. टीव्हीला त्याचे काही वाटत नाही. माणसाचा आवाज मात्र जेमतेम तीन हजार हर्ट्झांत बसतो, तो लगेच बिघडतो. म्हणून जुना स्फटिक काढून तिथे उष्णतेत न डगमगणारा बसवायचा.

ही युक्ती जुनीच. २००० साली सुटलेला ऑस्कर-४० ऐकण्यासाठी अमेरिकेतल्या हौशी लोकांनी वायरलेस केबल टीव्हीचे डाउनकन्व्हर्टर असेच बदलून घेतले होते. जानेवारी २००४ मध्ये तो उपग्रह मुका झाला, पण विद्या उरली.

आखातातून आमच्याकडे टेपरेकॉर्डर आले, व्हीसीआर आले, टीव्ही आले. ते घराची शोभा झाले. बिघडले की दुकानात गेले. पेचकस घेऊन आत पाहणारी पोरे थोडी, आणि त्यांनाही ओरडाच मिळाला. आता मोहल्ल्यात कितीतरी गच्च्यांवर छत्र्या गंजत पडल्या आहेत. एखादी पोरांच्या हाती द्यावी. बोलायचे तर सरकारी परीक्षा देऊन परवाना काढावा लागेल. तीही त्यांनी द्यावी. उद्या दोह्याला जायचेच असेल, तर यंत्राचे पोट ओळखणारा कारागीर म्हणून जावे.