हातचा न लागणारी संख्या

१११११११११ ला याच संख्येने कागदावर गुणून पाहा. एक घर सोडून तीच ओळ पुन्हा लिहायची, एवढंच काम. नऊ एकांच्या नऊ ओळी झाल्या की बेरीज करायची. उजवीकडच्या टोकाच्या रकान्यात एकच एक, शेजारी दोन, मग तीन, मधोमध नऊ आणि पुढे पुन्हा उतरण. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. वर्गात मी हा गुणाकार नेहमी फळ्यावर पुरा मांडतो. साध्या कॅल्क्युलेटरवर हे सतरा अंक मावत नाहीत. आणि मावले, तरी ते असे का आले हे तिथे दिसत नाही.

देवळालीत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी या घराण्यातल्या संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली; नाव त्या स्टेशनावरून आलं.

आता अंकांची बेरीज करा : ८१. हे होणारच होतं, कारण मांडणीत एकूण ८१ एक होते आणि कुठेही हातचा लागला नाही. पुढची गोष्ट मला जास्त आवडते. ही संख्या ८१ ने नि:शेष जाते. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच हर्षद हे नाव दिलं. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग.

यातला ८ कुठे गेला? १११११११११ ला ९ ने भागत चला. ११ मध्ये एकदा, उरले २. वरचा एक उतरवला की २१, दोनदा, उरले ३. असं करत ७१ मध्ये सातदा, उरले ८. पुढचा एक उतरवला की ८१, आणि तिथे भाग आठाचा नाही, थेट नवाचा लागतो. मुलं इथवर आली की ‘८ गाळला’ म्हणायचं सोडतात.

दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रकान्यात दहा जमतात. शून्य मांडून हातचा एक. शेजारचे नऊ त्यामुळे दहा होतात, पुन्हा हातचा. त्याच्या शेजारचे आठ नऊ होतात. १२३४५६७९००९८७६५४३२१. इथेही ८ गेला, आणि शंभर एकांमधून अंकांची बेरीज उरली ८२. प्रत्येक हातचा नऊ खातो.

अवयव पाडताना मात्र घाम गाळावा लागतो. १११११११११ म्हणजे ९ गुणिले ३७ गुणिले ३३३६६७. हा शेवटचा मूळ आहे की नाही, हे ठरवायला ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. पण इथे ३ आणि ३७ सोडले तर अवयव १८ ने भागून १ उरणाराच हवा. १९, ७३, १०९ असं करत मोजक्याच संख्या राहतात. शेवटी ५७७ ने भागलं की १६१ उरतात. ३३३६६७ मूळच आहे, आणि सतरा अंकी संख्येचे विभाजक ४५.