आजीच्या पदराचा बिल्ला

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी घराघरांतील जुन्या वस्तूंचे प्रदर्शन मांडले होते. मीही माझ्या आजीचा पितळी बिल्ला त्यात ठेवला आणि खाली स्वहस्ते चिठ्ठी लिहिली: ‘पहिले महायुद्ध. पणजोबांची भेट.’ आमच्या घरची कथा हीच होती. पणजोबांनी लढाईवरून परतताना तो पणजीसाठी आणला, पणजीने आपल्या सुनेला दिला. माझ्या लहानपणी आजी दर १४ एप्रिलला तो लुगड्याच्या पदराला लावीत असे. १९७२च्या दुष्काळात घरातील हंडे-घागरी विकल्या गेल्या, बिल्ला मात्र राहिला.

नववीतील एका मुलीने तो निरखून विचारले, “सर, यावर कोरेगावचा स्तंभ आहे. मग हा पहिल्या महायुद्धातला कसा?”

इतिहासाचा एम. ए. असलेल्या माणसाला हा प्रश्न स्वतःहून पडायला हवा होता. १९१७ साली उभी राहिलेली १११वी महार पलटण १९२१मध्ये बरखास्त झाली. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. कोरेगावचा स्तंभ आणि ‘महार’ हा शब्द असलेला टोपीचा बिल्ला या रेजिमेंटचा. १९४६मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा स्तंभाच्या जोडीला फुलीसारख्या मांडलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. नंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. आजीच्या बिल्ल्यावर नुसता स्तंभ होता. म्हणजे तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला.

त्या रात्री मी भिंग घेऊन बिल्ल्याची मागील बाजू पाहिली. ब्रिटनमध्ये महायुद्धांच्या काळात सैनिक आपल्या पत्नीला, आईला, वाग्दत्त वधूला पलटणीच्या चिन्हाचे ब्रूच देत. त्यांना ‘स्वीटहार्ट ब्रूच’ म्हणतात. (आपल्याकडे त्यासाठी शब्द नाही. असा शब्द चारचौघांत उच्चारण्याची सोयही तेव्हा कुठे होती!) दुकानातले ब्रूच बहुधा नाजूक असत, चांदीचे, मीनाकारीचे, शिंपल्याच्या चकतीवर बसवलेले, आणि त्यांना पिन मुळापासूनच असे. गणवेशाच्या बिल्ल्याचा केलेला ब्रूच मात्र पाठीवरून ओळखू येतो. आजीच्या बिल्ल्यामागे टोपीत अडकवायच्या दोन कड्या कापल्याच्या खुणा होत्या आणि मधोमध डाख देऊन बसवलेली जाडजूड पिन होती. ही विकत आणलेली वस्तू नव्हती. आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. तरीही पणजोबांच्या कथेपुढे ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

मी हे आत्याला सांगितले. तिने ऐंशी ओलांडलेली. ती संतापली. “शिकलास म्हणून माझ्या आईला खोटी ठरवतोस?”

मी गप्प राहिलो. चार जावांचे एकत्र कुटुंब, एकच चूल. नवऱ्याने एकीलाच काही दिले म्हटल्यावर किती तोंडे बोलली असती! सासूचे नाव घेतले की प्रश्न मिटत असावा. अर्थात हा माझा तर्क. आजीला विचारायची वेळ निघून गेली आहे.

बऱ्याच वेळाने आत्या आपणहून म्हणाली, “दादा गेले त्या वर्षापासून तिनं तो लावला नाही रे. बौद्ध झाल्यावर तिनं विधवेची एकही रूढ पाळली नव्हती. हातातल्या पाटल्या तशाच होत्या. हा तेवढा काढला आणि त्यांच्या पेन्शनच्या कागदांत गुंडाळून ठेवला.”

तो कागदांत का ठेवला, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

यंदाच्या प्रदर्शनासाठी नवी चिठ्ठी मी आत्याकडूनच लिहवून घेतली आहे. तिने आजोबांचे नाव आधी लिहिले, मग खोडले, आणि आपल्या आईचे नाव वर घातले.