सात लाखांची सुई

भाईजानचं डायलिसिस सुरू होऊन तीन वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. रोजे सुटले याचं दुःख त्याला आजारापेक्षा जास्त. फिदया देतो, तरी सहरीला सगळ्यांबरोबर उठून बसतो.

गेल्या बकरी ईदच्या आधी एका पाहुण्यानं मोबाइलवर जाहिरात दाखवली. स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, शिरेतून सोडायच्या. त्या किडनी दुरुस्त करतात आणि डायलिसिस सुटतं. खर्च सात लाख. अब्बांनी त्याच रात्री विहिरीजवळचं रान विकायची गोष्ट काढली. घरात शिकलेला मी, म्हणून चौकशी माझ्या गळ्यात पडली.

महिनाभर वाचलं, डॉक्टरांना विचारलं. एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. त्या आईच्या पोटातच तयार होतात, जन्मानंतर नवी एकही होत नाही. अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या पेशी शिरेत सोडल्या की वाटेत आधी फुफ्फुसं लागतात आणि बऱ्याच पेशी तिथंच अडकतात. ज्या पुढं जातात त्याही नेफ्रॉन बनत नाहीत; काही द्रव्यं सोडतात आणि त्यानं सूज उतरायला मदत होते. उंदरांच्या ताज्या इजेवर याचा फायदा दिसलाय. पण बीपीनं आकसलेल्या भाईजानच्या किडनीत आता जखम नाही, वण आहे.

संशोधन खोटं नाही, हेही सांगायला हवं. २०१५ साली ऑस्ट्रेलियात मेलिसा लिटल यांच्या गटानं मूळपेशींपासून किडनीसारखे इवलेसे गोळे वाढवले. मात्र ते गर्भातल्या किडनीसारखे कच्चे होते, माणसाचं रक्त गाळण्याच्या कामाचे नव्हते. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंही स्पष्ट आहेत: रक्ताच्या विकारांसारख्या ठरावीक आजारांतलं मज्जारोपण सोडलं, तर मूळपेशी फक्त मंजूर चाचणीतच वापरायच्या. मी जाहिरातीतल्या नंबरवर फोन करून चाचणीचा नोंदणी क्रमांक मागितला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, आधी बुकिंग करा."

भाईजानला हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तो म्हणाला, "रान अब्बांचं, किडनी माझी. तुझं काय जातंय?" पंधरा दिवस बोलला नाही. रात्री मलाही वाटायचं, चुकून गुण आला असता तर?

आपाचा रक्तगट जुळतो. ती पहिल्यापासून किडनी द्यायला तयार होती, पण शरीर ही अल्लाहची अमानत, ती दुसऱ्याला कशी द्यायची, म्हणून अम्मी अडवत होत्या. जेद्दाहच्या फिकह अकादमीनं १९८८ साली, देणाऱ्याच्या जिवाला धोका नसेल आणि सौदा नसेल तर अवयव देणं जायज ठरवलंय. आपल्याकडचे काही उलेमा आजही हरकत घेतात, तेही मी अम्मींपासून लपवलं नाही. त्या दोन दिवस गप्प होत्या. मग आपाला म्हणाल्या, "जावईबापूंना विचारलंस का?"

आपाच्या तपासण्या सध्या चालू आहेत. रान अजून आमचंच आहे. भाईजान डायलिसिसच्या खाटेवरून आजही मला किडनीचे व्हिडिओ पाठवतो. काल पाठवलेल्याखाली लिहिलं होतं, "हे तरी खरं आहे का, बघ."