भीमाची दोन बोटं

अकरावीच्या वर्गात अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ वाचून झाली की फळ्यावर ठरलेली उत्तरं येतात. भीमा कसा आहे? धाडसी, कष्टाळू, कुटुंबावर जीव लावणारा. शेवट काय सांगतो? ‘केलं तसं भोगलं.’ गाईडात हेच असतं आणि याला गुणही मिळतात. पण एवढ्यावर कथा सोडून देणं माझ्या जिवावर येतं.

वारणाकाठचा दांडगा भीमा पोटासाठी मुंबईला येतो. उपनगराजवळच्या खाणीत दगड फोडायचं काम मिळतं आणि काही महिन्यांत खाण बंद पडते. हताश बसलेला असताना चितेच्या राखेत त्याला सोनं सापडतं. मग राख चाळणं सुरू होतं, पुढं पुरलेली प्रेतं उकरणं. एका रात्री कोल्ह्यांच्या टोळीशी झुंजून तो एका प्रेताच्या तोंडातलं सोनं काढायला जातो आणि बोटं त्या जबड्यात अडकतात. जीव वाचतो, पण डॉक्टरांना दोन बोटं कापावी लागतात. त्याच दिवशी कळतं, खाण पुन्हा सुरू झाली. भीमा ढसाढसा रडतो.

मी मुलांना सांगते, विशेषणं खोडा. भीमा काय करतो तेवढंच लिहा, आणि त्यातही त्याचे हात काय करतात ते. वह्यांत पहार धरणारे, राख चाळणारे, कोल्ह्यांशी झुंजणारे हात येऊ लागतात. ‘धाडसी’ हा शब्द कुणालाच पुन्हा लिहावासा वाटत नाही. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘याला मढ्याची भीती नाही, चूल विझायची आहे.’ स्वभावचित्रण म्हणजे काय, हे त्या एका ओळीत आलं. ती मी वर्गाला वाचून दाखवली.

शेवट मात्र अडून बसला होता. बहुतेकांचं म्हणणं, थोडी कळ सोसली असती तर काम मिळालंच असतं! विसंगती त्यांना दिसत होती, पण ती लॉटरी हुकल्यासारखी.

त्याच सुमारास वर्गाला लेण्याद्रीला नेलं. जुन्नरहून कुकडी ओलांडली की डोंगर समोरच. आमच्या मुलांना ‘गिरिजात्मज’ पाठ असतो, कारण अष्टविनायकांत हा एकच डोंगरातल्या लेण्यात बसलेला. ३०० च्या आसपास पायऱ्या चढताना माकडांपासून पिशव्या सांभाळण्यातच निम्मा वेळ गेला. सातव्या लेण्यात, जुन्या बौद्ध विहारात, गणपतीचं दर्शन झालं. एवढ्या मोठ्या सभागृहाला मधे एकही खांब नाही, हे मुलं मान वर करून बघत राहिली. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे आणि तिथं ब्राह्मी लिपीतला लेख. कल्याणच्या हेरणिकाच्या मुलानं, सुलसदत्तानं, हे दान दिलं, असं तो सांगतो. सुमारे दोन हजार वर्षं ते नाव टिकलं आहे.

“आणि फोडलं कुणी?” एका मुलानं विचारलं. त्याचे वडील खडी क्रशरवर. एरवी मागच्या बाकावर गप्प असणारा हा पोरगा दगडावर हात फिरवत बोलत राहिला. काळा दगड सरळ ठोकून निघत नाही, त्याची शीर बघावी लागते. पहार मारताना सगळा जोर खांद्यात असला तरी ती वळते बोटांवर. मग एकदम म्हणाला, “मॅडम, खाण चालू झाली तरी भीमाला काय उपयोग? त्याला आता पहार धरताच येणार नाय.”

बाकीच्यांना तेव्हा शेवट दिसला. कथेच्या सुरुवातीलाच अण्णा भाऊ भीमाच्या ताकदीचं वर्णन करतात. पहिल्या वाचनात ती नायकाची ओळख वाटते. शेवट कळल्यावर ध्यानात येतं, की जे गमवायचं आहे तेच त्यांनी आधी आपल्यासमोर भरभक्कम उभं केलं होतं. म्हणून पात्र एका तासाला आणि उपरोध दुसऱ्या तासाला, अशी वाटणी मला पटत नाही. बोटांच्या जागी भीमाचे दागिने गेले असते तर ती नुसती चोराला घडलेली अद्दल झाली असती. वाटेगावाहून बापाबरोबर पायी मुंबई गाठलेल्या, शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेल्या माणसानं हे बांधलं आहे, हेही मी मुलांना आवर्जून सांगते.

मग त्यांना काम दिलं: पहिल्यांदा साधं वाटलेलं आणि शेवट कळल्यावर जड झालेलं ठिकाण कथेत शोधा. त्या मुलानं भीमाच्या शरीराचं वर्णन निवडलं. मढ्याची ओळ लिहिणाऱ्या मुलीनं खाण सुरू झाल्याची बातमी निवडली. तिचं म्हणणं, सगळ्या कथेत चांगली बातमी तेवढी एकच, आणि तीच ऐकून तो रडतो. पायऱ्या उतरताना दोघांची चांगलीच जुंपली. मी मधे पडले नाही, दोघांनाही दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी उभं केलं.