टिकलेल्यांची यादी

पाश्चात्त्य अभिजात साहित्याचा इतिहास शिकवायचा म्हटलं की आपण नावांची रांग लावतो. होमर, सोफोक्लीस, व्हर्जिल, दान्ते, शेक्सपिअर. रांग संपेपर्यंत मुलांचे चेहरे देवळात आल्यासारखे होतात. लांबून नमस्कार करायचा, प्रश्न विचारायचा नाही. मराठी माध्यमातल्या मुलांच्या नमस्कारात भीतीही असते. हे सगळं आपल्यापेक्षा मोठं आहे, कळलं नाही तर कमीपणा आपलाच.

अकरावी-बारावीच्या काही मुलांना मी रविवारी हा विषय सांगते. परीक्षा नाही, मार्क नाहीत. सुरुवात मी हरवलेल्या पुस्तकांपासून करते.

सोफोक्लीसनं शंभराहून जास्त नाटकं लिहिली. त्यातली पूर्ण उरली आहेत फक्त सात. सॅफो या कवयित्रीच्या कवितांच्या प्राचीन काळी कितीतरी गुंडाळ्या होत्या. आज जवळजवळ सगळे तुकडेच हाती आहेत. त्यातले काही तर इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावाच्या जुन्या उकिरड्यात सापडले. तिथलं खोदकाम सुरू झालं १८९६-९७च्या हिवाळ्यात.

एवढं ऐकलं की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, म्हणजे चांगलं होतं तेवढंच उरलं ना?"

आमचा खरा वर्ग इथून सुरू होतो. उत्तरासाठी मी युरिपिडीसकडे जाते. त्याची अठरा-एकोणीस नाटकं आज आहेत. त्यातली दहाएक पुढच्या काळातल्या शिक्षकांनी वर्गात शिकवायला निवडली, म्हणून त्यांच्या नकला होत राहिल्या, असं अभ्यासक मानतात. बाकीच्या नऊ नाटकांची गोष्ट वेगळीच आहे. ग्रीक मुळाक्षरांच्या क्रमानं लावलेल्या त्याच्या समग्र नाटकांचा एक भाग योगायोगानं वाचला. म्हणून या नऊ नाटकांची नावं मुळाक्षरांतल्या जवळजवळच्या चार अक्षरांनी सुरू होतात. दुसरा भाग वाचला असता, तर आपण दुसरीच नाटकं अभिजात म्हणून वाचत असतो.

मुलं हसतात. मग जरा गप्प होतात. अभ्यासक्रम आणि नशीब, दोन्ही त्यांच्या ओळखीचं असतं.

मग मी 'मीडिया'ची गोष्ट सांगते. नवऱ्यानं टाकलेली, परक्या गावात एकटी पडलेली बाई सूड म्हणून स्वतःची मुलं मारते. इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत तीन नाटककार होते. हे नाटक घेऊन उतरलेला युरिपिडीस तिसरा, म्हणजे शेवटचा आला. आज त्या स्पर्धेतलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं नाटक हेच आहे.

शेक्सपिअरची छत्तीस नाटकं १६२३ साली, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, एकत्र छापली गेली. त्यातली निम्मी आधी कधीच छापलेली नव्हती. 'मॅकबेथ' त्यातलंच. दोन सहकारी नटांनी ही नाटकं गोळा केली नसती, तर 'मॅकबेथ' बहुधा आपल्यापर्यंत पोचलं नसतं.

हे सगळं सांगण्यामागे या लेखकांना खाली खेचायचा हेतू नाही. ती नाटकं थोर आहेतच. पण त्यांच्याइतकं थोर काहीतरी हरवलेलंही असणार, हे कळलं की मुलं यादीकडे वेगळ्या नजरेनं बघतात. यादी कुणीतरी केलेली असते. ती वाचता येते, तिच्याशी भांडताही येतं.

यंदा एका मुलीनं 'मीडिया' पूर्ण वाचलं आणि ठाम सांगितलं, "मला पटलं नाही. परीक्षकांचंच बरोबर होतं." शेजारचा मुलगा तिच्यावर तुटून पडला. त्याला मीडियाची बाजू मांडायची होती. पाऊण तास दोघं भांडले, पानं उलटून संवाद दाखवत. दोघांपैकी एकानंही मला विचारलं नाही की बरोबर उत्तर काय.

पुढच्या रविवारसाठी मी 'अँटिगनी' ठरवलं होतं. मुलांनी आधी एक प्रश्न टाकला, "मॅडम, हेच का?" कारण मला द्यावं लागलं. त्यातलं अर्धं त्यांना पटलं.